स्लाइडची पारख: आधी बोट, मग वजन, काच की पितळ ते शेवटी

गिटारसाठी स्लाइड, म्हणजे बोटात घालून तारांवरून सरकवायची नळी, घ्यायला निघालं की पहिल्यांदा कानावर येतं ते हे: काचेचा आवाज मऊ, धातूचा तिखट. म्हणणं खोटं नाही, अर्धवट आहे. बाहेरून २९ मिलिमीटर, आतून २० आणि लांबीला ६९ अशी जाड काचेची नळी साधारण ५३ ग्रॅम भरते. बाहेरून २२, आतून १९ आणि लांबी ६० अशी पातळ पोलादी नळी भरते ४५ ग्रॅम. इथे काच पोलादापेक्षा जड आहे, आणि स्वर जास्त वेळ धरून ठेवणारीही बहुधा तीच निघते. उलट पोलादी नळीच्याच मापाची काच घेतली तर ती जेमतेम १३ ग्रॅमची. ती वाजवून ‘काचेत दम नाही’ म्हणणारा माणूस काचेला नव्हे, १३ ग्रॅमला नावं ठेवत असतो.

म्हणून इथे दुसऱ्या टोकाने सुरुवात करू, म्हणजे बोटापासून.

बोट कोणतं, भोक केवढं

स्लाइड कोणत्या बोटात घालायची हे आधी ठरवावं लागतं, कारण भोकाचं माप त्यावर अवलंबून. करंगळीत घातली तर तीन बोटं मोकळी राहतात; मध्येच साधी कॉर्ड, म्हणजे एकदम वाजणारा सुरांचा गुच्छ, धरता येते, स्लाइडच्या मागे तार दाबता येते. नावाजलेल्या स्लाइडवादकांत राय कूडर आणि लोवेल जॉर्ज हे करंगळीवाले. सनी लँड्रेथही त्यांच्यातलेच, आणि स्लाइडच्या मागे फ्रेट, म्हणजे गिटारच्या दांडीवरच्या धातूच्या आडव्या पट्ट्या, दाबून सूर काढणं ही तर त्यांची ओळखच. अनामिकेत जोर जास्त असतो, स्लाइड फ्रेटला समांतर ठेवणं तिला सोपं जातं. ड्वेन ऑलमन यांची स्लाइड याच बोटात असे, डेरेक ट्रक्सही तिथेच घालतात. बॉनी रेट मधल्या बोटात घालतात. तिथे मागे फक्त तर्जनी उरते आणि तारा गप्प करायचं सगळं काम तिच्या एकटीवर येतं. तर्जनीत मात्र घालू नये, मागे बोटच शिल्लक राहत नाही. एकाच गाण्यात साधं वाजवणं आणि स्लाइड मिसळायची असेल तर करंगळी, निव्वळ स्लाइड वाजवायची असेल तर अनामिका, असा सरळ हिशेब ठेवला तर फारसं चुकत नाही.

बोटाची सगळ्यात जाड जागा म्हणजे मधला सांधा. त्याभोवती कागदाची अरुंद पट्टी गुंडाळा, जिथे कड मिळते तिथे खूण करा, पट्टी सरळ करून मोजा आणि ३.१४ ने भागा. परीघ ५९ मिलिमीटर आला तर व्यास १८.८, त्याला १९ ते १९.५ चं भोक लागेल. सकाळी गार हाताने मोजू नका. उकाड्यात तासभर वाजवल्यावर बोट फुगतं आणि सकाळी छान बसलेली स्लाइड संध्याकाळी ओढून काढावी लागते. मापं अमेरिकन अंगठीच्या आकड्यात दिलेली असतील तर ८ म्हणजे १८.१ मिलिमीटर, १० म्हणजे १९.८ आणि १२ म्हणजे २१.४. नुसत्या ‘स्मॉल, मीडियम, लार्ज’वर विसंबून घेतलेली स्लाइड हा जुगार आहे. मीडियम हा शब्द कधी भोकाला लावलेला असतो, कधी भिंतीच्या जाडीला. आतला व्यास मिलिमीटरमध्ये लिहिलेला नसेल तर विचारून घ्या.

नीट बसलेली स्लाइड ओळखायची खूण सोपी. हात खाली सोडून हलकाच झटका: ती पडत नाही. दुसऱ्या हाताने ओढा: न अडकता निघते. सैल असेल तर ती पडू नये म्हणून बोट आत वाकवून धरावं लागतं, मग शेजारची बोटं ताठ होतात, मनगट आखडतं आणि व्हायब्रॅटो, म्हणजे स्लाइड हलवून सुराला दिलेला कंप, मेला म्हणून समजा. नवशिक्याचा सूर डळमळतो त्यातला बराच दोष या सैलपणाचा असतो, कानाचा नाही. घट्ट असेल तर बोटाचं टोक ठणकतं, घामाने आत पकड बसते, आणि एक टोक बंद असलेल्या स्लाइडमध्ये तर बोट चक्क चोषून धरल्यासारखं होतं.

थोडा सैलपणा सुधारता येतो. आतून पातळ चामड्याची किंवा फेल्टची पट्टी चिकटवा, किंवा जखमेवर लावतात ती कापडी चिकटपट्टी एक-दोन वेढे द्या. फोम लावू नका. तो दबतो आणि स्लाइड बोटावर डुलत राहते. घट्ट स्लाइडवर मात्र इलाज नाही. शंका आली तर अर्धा मिलिमीटर मोठं भोक घ्या. स्लाइड मधला सांधा ओलांडून मागे गेली पाहिजे, हेही पाहा. सांध्याच्या अलीकडेच अडकली तर ती फक्त टोकाच्या पेरावर तोललेली राहते आणि जड तारांकडची बाजू आपोआप उचलली जाते.

वजनाचा हिशेब

साधं वाजवताना तारेचं एक टोक फ्रेटवर असतं. फ्रेट लाकडात ठोकलेला, हलत नाही. स्लाइड वाजवताना ते टोक स्लाइडवर असतं, आणि स्लाइड मांसल बोटावर. तार थरथरते तेव्हा ती स्लाइडलाही ढकलते. स्लाइड हलकी असेल तर ती त्या धक्क्याने हलते. कंपनाचा काही भाग बोटात जिरतो, काही स्लाइड ओलांडून तारेच्या मागच्या तुकड्यात शिरतो. सूर लवकर विझतो आणि मागून बेसूर कुजबुज ऐकू येते. जड स्लाइड जागची हलत नाही, म्हणून आस लांबते. सूर टिकून राहण्याला, म्हणजे सस्टेनला, आपल्याकडचे सतारिये आस म्हणतात. तोच हा गुण.

वजन कागदावरच काढता येतं. बाहेरच्या व्यासाचा वर्ग उणे आतल्या व्यासाचा वर्ग, गुणिले लांबी, गुणिले ०.७८५, हे सगळं मिलिमीटरमध्ये. उत्तराला १००० ने भागलं की घन सेंटिमीटर मिळतात. त्याला बोरोसिलिकेट काचेसाठी २.२३, ॲल्युमिनियमसाठी २.७, पोलादासाठी ७.८५ आणि पितळेसाठी साधारण ८.५ ने गुणा. बाहेरून २५, आतून १९, लांबी ६० अशी जाड पितळी नळी या हिशेबाने १०६ ग्रॅम भरते. पातळ पितळी नळी, २२-१९-६०, भरते ४९. नाव दोघींचं पितळच, पण हातात घेतल्यावर ही दोन वेगळी हत्यारं आहेत.

मग जितकी जड तितकी चांगली? तसं नाही. १०० ग्रॅमच्या पुढे करंगळी तासाभरात दमते. त्याहून मोठी अडचण अशी की नुसत्या वजनानेच तार खाली दबते आणि फ्रेटवर ठक्क आवाज येतो. साध्या वाजवण्यासाठी तारा खाली बसवलेल्या गिटारवर जड पितळ हमखास ठोकतं. तिथे २५ ते ३५ ग्रॅमची काच उजवी. तारा उंच, जाड आणि ध्वनी सगळा लाकडातून किंवा रेझोनेटरच्या, म्हणजे पत्र्याची तबकडी बसवलेल्या गिटारच्या, पत्र्यातून काढायचा असेल तर ५० ते ८० ग्रॅम योग्य. इलेक्ट्रिकवर ॲम्प्लिफायर थोडा चढवला की आस तोच पुरवतो, त्यामुळे हलक्या स्लाइडचा उणेपणा झाकला जातो. अकूस्टिकवर झाकायला कोणी नाही.

लांबी आणि फिंगरबोर्डचा बाक

नेहमीच्या इलेक्ट्रिकवर पहिल्या आणि सहाव्या तारेतलं अंतर नटपाशी, म्हणजे दांडीच्या वरच्या टोकाला तारा टेकतात तिथे, साधारण ३५ मिलिमीटर, १२व्या फ्रेटपाशी ४३ च्या आसपास. म्हणजे सहाही तारा एकदम झाकायला ५० मिलिमीटरची स्लाइड कशीबशी पुरते, ६० ची आरामात, आणि ६९ ची अनामिकेसाठी ठीक, करंगळीला लांब. स्लाइडचं पुढचं टोक सहाव्या तारेच्या पलीकडे तीन-चार मिलिमीटर गेलं की बास. त्याहून जास्त लांबीचा उपयोग काही नाही आणि एकाच तारेवर वाजवताना ती शेजारच्या तारांना लागत राहते. आखूड, ३० मिलिमीटरच्या अंगठीसारख्या स्लाइडही मिळतात. त्यांवर दोन-तीन तारांपलीकडे जाता येत नाही, पण बोट सांध्यात वाकतं आणि साधी कॉर्ड धरता येते. पहिली स्लाइड म्हणून ती घेऊ नये.

यापुढची गोष्ट दुकानात कोणी सांगत नाही. स्लाइड सरळ, पण बहुतेक गिटारांच्या फिंगरबोर्डला, म्हणजे फ्रेट बसवलेल्या पट्टीला, आडवा बाक असतो, आणि तारा त्या बाकावरूनच जातात. ७.२५ इंच त्रिज्येच्या जुन्या फेंडर पद्धतीच्या बोर्डवर, १२व्या फ्रेटपाशी मधल्या तारा कडेच्या तारांपेक्षा सव्वा मिलिमीटर वर असतात. १२ इंच त्रिज्येवर हाच फरक पाऊण मिलिमीटर, १६ इंचावर अर्ध्याहून जरा जास्त. आता ७.२५ च्या बोर्डवर सहाही तारा एकदम वाजवायच्या तर सरळ स्लाइडने मधल्या तारा सव्वा मिलिमीटर दाबल्याशिवाय कडेच्या तारांना स्पर्शच होणार नाही. फ्रेटपासून तारांची उंची दीड मिलिमीटर असेल तर मधल्या तारा फ्रेटला टेकल्यातच जमा. स्लाइड बदलून हा दोष जात नाही. ब्रिजवरचे सॅडल, म्हणजे तारांची खालची टोकं टेकतात ते आधार, हलवून तारांची रांग थोडी सपाट करावी लागते आणि उंची वाढवावी लागते.

बाकाला जुळावी म्हणून तारांकडच्या अंगाला किंचित खोलगट घडवलेल्या स्लाइडही बनतात. सगळ्या तारा एकदम झाकताना त्या खरोखर कमी दाबात वाजतात. पण खोलगटपणा एका त्रिज्येसाठीच बरोबर, आणि स्लाइड बोटावर फिरली की खोलगट बाजू भलतीकडे जाते. एकेका तारेवर सुरावट वाजवणाऱ्याला त्यातून काहीच मिळत नाही. कॉर्डवाल्यांनी विचार करावा, बाकीच्यांनी पैसे वाचवावेत.

आता काच, धातू, चिनी माती

वजन आणि माप सारखं धरलं तर मग पदार्थाचा फरक ऐकू येतो, आणि तो मुख्यतः पृष्ठभागाचा असतो. चार ते सहा क्रमांकाच्या तारांवर बारीक तारेचे वेढे असतात. स्लाइड त्यांवरून सरकते तेव्हा खरखर येते, आणि ती किती येणार हे पृष्ठभागाच्या गुळगुळीतपणावर ठरतं.

काच जात्याच गुळगुळीत आणि चांगली कठीण, पोलादी तारांनी तिच्यावर चरे पडायला वर्षं जातात. बोरोसिलिकेट काच तापमानाच्या फरकाने सहसा तडकत नाही. साधी काच तेवढी सोशिक नसते. पारदर्शक काचेचा एक फायदा सहसा मोजला जात नाही: खालचा फ्रेट आरपार दिसतो. तोटा सगळ्यांना माहीत आहे. फरशीवर पडली की तुकडे, आणि आत घाम आला की बोट निसटतं.

पितळ जड, आवाजाला ऊबदार, थोडं खरबरीत. घामाने आणि हवेने ते काळवंडतं, आणि काळवंडलेला थर तारेला किंचित धरतो. काहींना ती पकड आवडते, विशेषतः रेझोनेटरवर, जिथे थोडी खरखर आवाजाचाच भाग मानली जाते. आवडत नसेल तर पितळेच्या पॉलिशने घासा, आणि नंतर साबणाने धुवा. पॉलिशचा पांढरा अंश राहिला तर तारा चिकट होतात. पितळ तारेपेक्षा मऊ असल्याने पहिल्या-दुसऱ्या तारेखाली हळूहळू बारीक खाचा पडतात. दर काही दिवसांनी स्लाइड बोटावर थोडी फिरवून घालत राहिलात तर झीज सगळीकडे सारखी होते. बोट हिरवट होतं, ते साबणाने जातं.

पोलाद पितळेहून कठीण, क्रोमचा मुलामा असेल तर आरशासारखं गुळगुळीत. वरचे स्वर लख्ख निघतात. पातळ तारा आणि चिरका पिकअप (इलेक्ट्रिकवर तारांचं कंपन पकडणारा भाग) असला तर जरा जास्तच लख्ख. मुलामा कडेपासून सुटायला लागतो आणि सुटलेली पापडी ब्लेडसारखी धारदार असते, म्हणून तसं दिसताच स्लाइड बाजूला ठेवा. स्टेनलेस पोलादाला हे दुखणं नाही. ॲल्युमिनियम हलकं आणि मऊ, लवकर चरे पडतात. घ्यायचं कारण दिसत नाही.

चिनी मातीची स्लाइड काच आणि धातूच्या मधली. बाहेरून चकाकता ग्लेझ, आतून कोरी. ही कोरी माती घाम शोषते, म्हणून बोट निसटत नाही. ज्यांचे हात फार घामेजतात त्यांच्यासाठी हा एकच गुण पुरेसा आहे. घेताना ग्लेझवर टाचणीच्या टोकाएवढी छिद्रं आहेत का ते नखाने तपासा. एक छिद्र तारेखाली आलं की प्रत्येक फेरीत टिक्‌ ऐकू येतं.

हाती लागणारे नमुने

डनलॉप कंपनीच्या स्लाइड सगळीकडे दिसतात, म्हणून त्यांच्यावरून बोलणं सोयीचं. २२० क्रमांकाची स्लाइड म्हणजे क्रोम चढवलेल्या पोलादाचं मध्यम माप. पहिली स्लाइड म्हणून बहुतेकांच्या हाती हीच येते. अनामिका जाड असणाऱ्याला हे भोक पुरत नाही, आणि आतूनही तितकीच गुळगुळीत असल्याने सैल बसली तर थांबत नाही. ज्याला बसते त्याच्यासाठी इलेक्ट्रिकवर उत्तम, फुटायची भीती नाही. २२२ ही पितळी बहीण. वजन थोडं जास्त, टोकदारपणा कमी. अकूस्टिकवर दोघींत निवड करायची तर २२२.

२१५ ही जाड भिंतीची काच. काचेत दम नसतो असं वाटणाऱ्याने ही एकदा वाजवून पाहावी. एका गोष्टीची सवय करावी लागते: स्लाइड तारेला तिच्या सगळ्यात खालच्या रेषेवर स्पर्श करते, आणि वरून पाहणाऱ्या डोळ्याला दिसते ती तिची कड. २२ मिलिमीटरच्या स्लाइडमध्ये कड आणि स्पर्शरेषा यांत ११ मिलिमीटर अंतर, २९ च्या स्लाइडमध्ये साडेचौदा. पातळ स्लाइडवरून जाड स्लाइडवर आल्यावर आठवडाभर सूर चढे-उतरे लागतात ते यामुळे. स्लाइड वाईट नसते, डोळा जुन्या मापाने नेम धरत असतो.

गिटारवादक बिली गिबन्स यांच्या नावाची मडस्लाइड चिनी मातीची. घामेजलेल्या हातांविषयी जे वर म्हटलं ते तिला लागू. ब्लूज बॉटल हा औषधाच्या जुन्या बाटलीच्या घाटाचा, एक टोक बंद असलेला काचेचा प्रकार. ड्वेन ऑलमन कॉरिसिडिन या सर्दीच्या गोळ्यांची रिकामी बाटली वापरत, त्या परंपरेतला. बंद टोकामुळे बोट कुठे थांबतं ते दर वेळी सारखं राहतं, ही त्याची जमेची बाजू. पण बोट लांब असेल तर ते तळाला टेकतं आणि स्लाइड मुळापर्यंत येतच नाही, म्हणून इथे भोकाबरोबर आतली खोलीही मोजावी लागते.

लोवेल जॉर्ज यांनी नट-बोल्ट आवळायचा ११/१६ इंची सॉकेट बोटात घातला होता, आणि जॉनी विंटर यांनी पाइपाचा तुकडा. हे ऐकून हत्यारांची पेटी उघडण्याआधी एवढं पाहा: सॉकेटच्या आत षट्‌कोनी कोन असतात, ते बोटाला रुततात; आणि पाइपाची कापलेली कड कानशीने आत-बाहेर मऊ केल्याशिवाय बोटात घालायची नाही. जस्त चढवलेल्या पाइपाचा पृष्ठभाग दाणेदार असतो, तो वेढ्याच्या तारांवर करवतीसारखा बोलतो.

बाटलीचा गळा, घरी कापलेला

ज्या वाइनच्या बाटलीचा खांदा उभा आणि गळा सरळ असतो तिचाच गळा कामाचा. उतरत्या खांद्याच्या बाटलीचा गळा निमुळता असतो, तो तारांवर तिरका बसतो आणि कॉर्डमधला एक सूर कायम बाहेर राहतो. बुचाच्या बाटलीचं तोंड आतून साधारण १८.५ मिलिमीटर असतं. हे करंगळीचं माप झालं. जाड अनामिकेला ते पुरणार नाही, आणि आतून घासून वाढवायच्या भानगडीत पडू नका. गळ्यावर उभा शिवण असतो, साच्याचे दोन भाग जिथे मिळतात तिथला. नखाने चाचपून तो शोधा आणि वाजवताना तारांच्या विरुद्ध बाजूला ठेवा, नाहीतर टिक्‌टिक्‌ सुरू.

काच कापायच्या चाकाने गळ्याभोवती एकच रेघ मारा. तीच रेघ पुन्हा गिरवली तर तडा दोन वाटांनी जातो आणि कड दातेरी येते. मग रेघेवर उकळतं पाणी, लगेच गार पाणी, असं आलटून पालटून ओता. तीन-चार फेऱ्यांत गळा सुटतो. सुटलेली कड पाण्यात भिजवून वापरायच्या काळ्या पॉलिशपेपरवर घासा: आधी १२०, मग २२०, ४००, शेवटी ६००. आतल्या आणि बाहेरच्या दोन्ही कडांना मिलिमीटरभर उतार द्या. काच ओली ठेवूनच घासायची, कोरडी धूळ फुप्फुसात जाऊ देऊ नका. चष्मा, हातमोजे आणि मास्क हवेतच. उजेडात धरून केसाएवढा तडा दिसला तर तो तुकडा केराच्या डब्यात. तोंडाजवळचं जाड कडं बोटाच्या मुळाकडे राहू द्या आणि त्याच्या पुढे निदान ५५ मिलिमीटर सरळ गळा मिळेल असं कापा. कडं टोकाकडे आलं तर स्लाइड त्यावर झोके खाते.

घेण्याआधी पाच मिनिटं

स्लाइड सपाट काचेवर किंवा टेबलावर लोटून पाहा. खाली उजेडाची फट दिसली किंवा ती लंगडत गेली तर ती सरळ नाही. नख चारही बाजूंनी फिरवा, मग कापसाचा बोळा फिरवा. नखाला न लागणारा टवका कापसाचा धागा पकडतो. मग गिटार ओपन जीमध्ये लावा, म्हणजे जाड तारेकडून डी, जी, डी, जी, बी, डी. १२व्या फ्रेटवर हार्मोनिक, म्हणजे तार न दाबता नुसत्या स्पर्शाने निघणारा सूर, वाजवा आणि तोच सूर स्लाइडने काढा. स्लाइड फ्रेटच्या बरोबर वर ठेवायची, साध्या वाजवण्यासारखी दोन फ्रेटांच्या मध्ये नव्हे. नेमका सूर फ्रेटच्या तारेपेक्षा केसभर ब्रिजच्या बाजूला सापडेल. कारण असं: साध्या वाजवण्यात तार दाबली की सूर चढतो, म्हणून ब्रिजवर तिची लांबी मिलिमीटर-दोन मिलिमीटर वाढवून ठेवलेली असते. स्लाइड तार दाबत नाही, त्यामुळे वाढवलेल्या लांबीच्या निम्म्याइतकं पुढे सरकावं लागतं. जाड तारांवर हे जास्त.

आता चौथ्या तारेवर ३ऱ्या फ्रेटपासून १२व्यापर्यंत सावकाश मींड घ्या आणि खरखर ऐका. नंतर पहिल्या तारेवर १२व्या फ्रेटवर व्हायब्रॅटो द्या, मागे तर्जनी आणि मधलं बोट तारांवर अलगद टेकवून. बोटं टेकवूनही मागून कुजबुज ऐकू आली तर स्लाइड हलकी आहे किंवा तुम्ही फार अलगद धरली आहे. फ्रेटवर ठोकत असेल तर ती जड आहे, किंवा गिटारच्या तारा खाली आहेत. कोणतं ते शोधायला दुसरी, हलकी स्लाइड त्याच गिटारवर लावा. तीही ठोकली तर दोष गिटारचा.

गिटारचा दोष असेल तर १२व्या फ्रेटपाशी तारांची उंची २ ते २.५ मिलिमीटर करा आणि पहिली तार .०११ किंवा .०१२ इंच जाडीची लावा. .००९ ची तार स्लाइडखाली वाकते, मग ५३ ग्रॅम असो की १३, सूर सापडत नाही. ओपन डी लावणाऱ्याने आणखी एक पायरी जाड तारा घ्याव्यात, कारण तिथे चार तारा उतरवल्या जातात. ओपन ईमध्ये उलट तीन तारा चढतात, म्हणून तिथे जाडी न वाढवणंच बरं.

मांडीवर आडवी ठेवून वाजवायच्या गिटारसाठी यातलं काहीच घेऊ नका. तिथे बोटात घालायची नळी नव्हे, हातात धरायचा भरीव पोलादी बार लागतो. पेडल स्टीलचा गोल बार तर २०० ग्रॅमच्या आसपास असतो. विचित्र वीणेवर याच कामाला काचेचा बट्टा असतो, आणि तोही बोटात जात नाही.